सरोद घराचे उस्ताद हाफिज अली खाँ



या सत्रात आम्ही आठवीच्या मुलांना घेऊन जीवाजी गंजमधील सरोद घर पाहून आलो. आपल्या लश्करातच असूनही बहुतेक मुलांनी ते पाहिलेले नव्हते. काचेमागची जुनी सरोदे पाहून मुलांनी विचारले की या घरात कोण राहत असे? त्याचे उत्तर या अंकात देत आहोत.

हे घर उस्ताद हाफिज अली खाँ यांचे. त्यांचे पूर्वज बंगश पठाण. ते रबाब वाजवीत. रबाबाला तातीच्या तारा आणि लाकडी पट्टी, त्यामुळे स्वर लवकर विरतो. धातूच्या तारा व धातूची गुळगुळीत पट्टी बसविल्यावर स्वर लांबू लागला, मींड घेता येऊ लागली आणि रबाबाचे सरोद झाले. या घराण्याच्या परंपरेनुसार हा बदल उस्तादांचे आजोबा गुलाम अली खाँ यांनी केला. सरोदाला सतारीसारखे पडदे नसतात. डाव्या हाताच्या नखाने तार दाबून अचूक स्वर शोधावा लागतो. त्याला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो.

हाफिज अलींचे पहिले शिक्षण वडील नन्हे खाँ यांच्याकडे झाले. ज्याच्या घरातच वाद्य घडले, त्याला बाहेर शिकायला जाण्याची काय गरज, असे कोणालाही वाटेल. त्यांना तसे वाटले नाही. ते गणेशीलाल चौबे यांच्याकडे ध्रुपद शिकले. पुढे रामपूरला तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वझीर खाँ यांचे शिष्य झाले. घराण्याचे नाव बाजूला ठेवून ते दुसऱ्याच्या दारी विद्यार्थी म्हणून बसले.

शिंदे दरबारात ते राजवादक होते. तो ग्वाल्हेरच्या संगीताचा भाग्याचा काळ होता. १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी येथे संगीत विद्यालय काढले. १९१८ मध्ये पं. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले.

संगीत नाटक अकादमीने १९५४ मध्ये उस्तादांना आपले सन्मान्य सदस्यत्व दिले. १९६० मध्ये ते पद्मभूषण झाले. त्या वेळची एक आठवण त्यांचे चिरंजीव उस्ताद अमजद अली खाँ सांगत आले आहेत. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उस्तादांना काही हवे आहे का, असे विचारले. त्यांनी घर मागितले नाही की पैसा मागितला नाही. राग दरबारीची शुद्धता लोक राखत नाहीत, त्यासाठी काही करावे, एवढीच त्यांची विनंती होती. दरबारी हा तानसेनाचा राग मानतात, आणि तानसेनाची समाधी आपल्याच गावात आहे.

१९७२ मध्ये दिल्लीत उस्तादांचे निधन झाले. पुढे अमजद अलींनी या वडिलोपार्जित घराचे वाद्यसंग्रहालय केले.

आपल्या विद्यालयाच्या संगीत वर्गात जुलैत जागा अपुरी पडते आणि दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा होतो. मूल कार्यक्रमात कधी गाणार, असे पालक आम्हाला विचारतात. रियाज किती वेळ करते, हे क्वचितच कोणी विचारते. आम्ही शिक्षकही वार्षिकोत्सवाच्या घाईत तेच विसरतो. म्हणून सर्वांना विनंती की एकदा सहकुटुंब सरोद घरी जावे आणि परत आल्यावर घरातली धूळ खात पडलेली पेटी किंवा तबला उघडावा.

– प्राचार्य