विल्यम ब्रिटन (कनिष्ठ)

विल्यम ब्रिटन (कनिष्ठ) (इ.स. १८६० – इ.स. १९३३) हे इंग्लंडमधील खेळणी-निर्माते होते. धातूचे खेळण्यातील सैनिक पोकळ ओतण्याची पद्धत त्यांनी इ.स. १८९३ मध्ये विकसित केली. या पद्धतीमुळे सैनिक हलके व स्वस्त झाले, मात्र त्याच कारणाने ते नाजूकही झाले. त्यांच्या वाकलेल्या व तुटलेल्या भागांची दुरुस्ती हा आज संग्राहकांच्या अभ्यासाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटन यांचे वडील, थोरले विल्यम ब्रिटन, हे लंडनमध्ये यांत्रिक खेळणी तयार करत. उत्तर लंडनमधील हॉर्नसी राइज भागातील लॅम्बटन रोडवर त्यांचा कारखाना होता आणि मुले व्यवसायात हातभार लावत. हाताने बनवलेली यांत्रिक खेळणी महाग पडत, त्यामुळे त्यांचा खप मर्यादित होता. त्या काळी इंग्लंडच्या बाजारात प्रामुख्याने जर्मन सैनिक विकले जात. त्यांपैकी काही चपटे, तर काही भरीव व वजनदार असत.

पोकळ ओतकाम

ब्रिटन यांच्या पद्धतीत शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतला जाई. साच्याला लागलेला थर तत्काळ गोठे. कारागीर लगेच साचा उलटा करी आणि आतील द्रव धातू लहान छिद्रातून बाहेर पडे. साच्यात केवळ पातळ कवच उरे. धातूची बचत झाल्याने किंमत उतरली. या पद्धतीचा पहिला संच ब्रिटिश राजाच्या अंगरक्षक घोडदळाचा, म्हणजे लाइफ गार्ड्सचा होता. पायदळातील सैनिकाची उंची सुमारे ५४ मिलिमीटर असे. हेच प्रमाण पुढे खेळण्यातील सैनिकांसाठी रूढ झाले. ब्रिटिश भारतातील पलटणींचेही संच निघाले. त्यांत मुंबई इलाख्याच्या फौजेतील भालाईत स्वार व पायदळ यांचा समावेश होता.

नकलांविरुद्ध लढा

यश मिळताच अनुकरण सुरू झाले. 'ब्रिटन विरुद्ध हँक्स ब्रदर्स' या इ.स. १९०२ च्या खटल्यात न्यायालयाने खेळण्यातील सैनिकाला शिल्पाचे संरक्षण मान्य केले. कलाकृतीच्या स्वामित्वहक्काच्या चर्चेत या निकालाचा आजही उल्लेख होतो. सैनिकांवर निर्मात्याचे नाव व दिनांक नोंदवण्याची प्रथा याच हक्काशी निगडित आहे. आज त्या नोंदी वस्तूचा काळ ठरवण्यास उपयोगी पडतात.

इ.स. १९०७ मध्ये कुटुंबाच्या व्यवसायाचे 'ब्रिटन्स लिमिटेड' या कंपनीत रूपांतर झाले. इ.स. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांच्या युद्धखेळाचे नियम मांडले. पहिल्या महायुद्धानंतर कंपनीने शेतकरी, गुरे व शेतीची अवजारे यांचेही संच बाजारात आणले.

दुरुस्ती व जतन

पोकळ सैनिकाचे धड जरी कवचासारखे असले, तरी बंदूक, तलवार, संगीन, घोड्याचे पाय असे बारीक भाग बहुधा भरीव गोठतात. तेच सर्वप्रथम वाकतात. अँटिमनीमुळे धातूला कडकपणा व रेखीवपणा येतो, पण तो ठिसूळही होतो. वाकलेला भाग एका झटक्यात सरळ केल्यास तुटतो. पुढे-मागे हलवल्यास त्यात चीर पडते. म्हणून अनुभवी संग्राहक तो भाग कोमट पाण्याने किंवा गरम हवेने किंचित उबदार करतात, वाकाच्या जवळ बोटाने आधार देतात आणि एकाच दिशेने थोडा थोडा सरळ करतात. चीर दिसताच काम थांबवतात. किंचित वाक राहिला तरी चालतो. भाग तुटला तर भरपाई होत नाही.

निखळलेले डोके बसवण्यासाठी पोकळ मानेत आगकाडीचा तुकडा घालण्याची युक्ती एके काळी मुलांमध्येही सर्वपरिचित होती. आज त्याऐवजी बारीक तार व डिंकासारखा चिकट पदार्थ वापरतात. मिश्रधातू कमी तापमानालाच वितळत असल्याने सामान्य डाग देताना पातळ कवच ढासळण्याचा धोका असतो. मूळ रंग टिकला असल्यास त्यावर नवा रंग देणे टाळले जाते, कारण त्याने संग्रहमूल्य घटते. ओकच्या लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते व धातू झिजतो, म्हणून असे सैनिक त्यात ठेवत नाहीत. शिसे विषारी असल्याने हे सैनिक लहान मुलांच्या हाती देत नाहीत, तसेच हाताळल्यानंतर हात धुतात.

वारसा

ब्रिटन यांचे इ.स. १९३३ मध्ये निधन झाले. कंपनीने शिशाच्या सैनिकांचे उत्पादन इ.स. १९६६ मध्ये थांबवले आणि प्लॅस्टिकने त्यांची जागा घेतली. सर्वसामान्य घरातील मुलांना परवडावेत म्हणून पोकळ केलेले हे सैनिक मुलांनी खेळून वाकवले व मोडले. त्यामुळे अखंड अवस्थेतील जुने संच दुर्मीळ झाले असून, संग्राहकांमध्ये त्यांना मोठी मागणी आहे.