बेल्जियमची राजकन्या लुईझ

राजकन्या लुईझ (१८ फेब्रुवारी १८५८ – १ मार्च १९२४) ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड आणि राणी मारी हेन्रिएट यांची थोरली कन्या होती. साक्स-कोबुर्ग आणि गोथा घराण्यातील राजपुत्र फिलिप याच्याशी तिचा विवाह झाला होता. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील गेझा मॅटाचिच या अधिकाऱ्याशी असलेले तिचे संबंध, तिच्यावरील प्रचंड कर्ज आणि बनावट सहीच्या हुंड्यांचा खटला यांमुळे १८९८ मध्ये युरोपभर मोठा गाजावाजा झाला. त्यानंतर तिला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवून सुमारे सहा वर्षे मनोरुग्णालयांत ठेवण्यात आले. तेथून पळून गेल्यानंतर पॅरिसमधील तज्ज्ञांनी तिला सुबुद्ध ठरवले. राजघराण्याची अब्रू वाचवण्यासाठी वैद्यकशास्त्र आणि कायदा यांचा कसा वापर होऊ शकतो, याचे एक बहुचर्चित उदाहरण म्हणून तिच्या जीवनाकडे पाहिले जाते.

== प्रारंभिक जीवन ==

लुईझचा जन्म ब्रुसेल्स येथे झाला. त्या वेळी तिचे आजोबा पहिले लिओपोल्ड बेल्जियमच्या गादीवर होते. १८६५ मध्ये त्यांच्या निधनानंतर तिचे वडील राजे झाले. लुईझला लिओपोल्ड नावाचा धाकटा भाऊ आणि स्टेफनी व क्लेमेंटाइन या दोन धाकट्या बहिणी होत्या. भाऊ तळ्यात पडल्यानंतर न्यूमोनियाने आजारी पडला आणि जानेवारी १८६९ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी दगावला. बेल्जियममध्ये त्या काळी मुलींना गादीवर हक्क नव्हता. त्यामुळे एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने राजाची थेट वंशपरंपरेची आशा मावळली. पुन्हा मुलगा व्हावा या अपेक्षेनंतर १८७२ मध्ये क्लेमेंटाइनचा जन्म झाला. राजा-राणी यांच्यातील दुरावा वाढत गेला आणि लाकेनच्या राजवाड्यातील मुलींचे बालपण कडक शिस्तीत व मायेच्या अभावात गेले.

तिची आत्या शार्लोट ही मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याची पत्नी होती. १८६७ मध्ये मॅक्सिमिलियनला मेक्सिकोत गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षापासूनच शार्लोटचे मानसिक संतुलन ढासळले होते आणि पुढे १९२७ पर्यंतचे आयुष्य तिने बेल्जियममधील राजवाड्यांत एकांतात काढले. घराण्यात मानसिक आजाराचे असे उदाहरण आधीच असल्यामुळे पुढे लुईझवर तसाच शिक्का बसला तेव्हा तो अनेकांना अविश्वसनीय वाटला नाही.

== विवाह आणि व्हिएन्नातील जीवन ==

४ फेब्रुवारी १८७५ रोजी, सतरावे वर्ष पूर्ण होण्याच्या दोन आठवडे आधी, लुईझचा विवाह फिलिपशी झाला. फिलिप तिच्यापेक्षा सुमारे चौदा वर्षांनी मोठा आणि नात्यातलाच होता. त्याची आई क्लेमेंटाइन ही फ्रान्सचा राजा लुई फिलिप याची कन्या, तर धाकटा भाऊ फर्डिनांड १८८७ मध्ये बल्गेरियाचा शासक झाला. कोबुर्ग घराण्याच्या या शाखेकडे हंगेरीत मोठ्या जमिनी होत्या आणि व्हिएन्नात भव्य प्रासाद होता.

वैवाहिक जीवनाविषयी वधूला काहीही कल्पना देण्यात आली नव्हती. लग्नाच्या रात्री आपण घाबरून लाकेनच्या बागेतील संत्र्यांच्या काचगृहात जाऊन लपलो, असे तिने पुढे आत्मवृत्तात नमूद केले आहे. या विवाहातून लिओपोल्ड क्लेमेन्स (१८७८) आणि डोरोथिया (१८८१) ही दोन अपत्ये झाली.

१८८१ मध्ये धाकटी बहीण स्टेफनी हिचा विवाह ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ याच्याशी झाला आणि दोघी बहिणी व्हिएन्नात एकत्र आल्या. फिलिप हा रुडॉल्फचा मित्र आणि शिकारीतील सोबती होता. ३० जानेवारी १८८९ रोजी मेयरलिंग येथील शिकारनिवासात रुडॉल्फ आणि मेरी व्हेत्सेरा ही तरुणी मृतावस्थेत आढळली. आदल्या रात्री राजघराण्याच्या भोजनासाठी व्हिएन्नाला गेलेला फिलिप त्याच सकाळी तेथे परतला होता. या घटनेनंतर हाब्सबुर्ग दरबार घराण्याच्या प्रतिष्ठेबाबत पूर्वीपेक्षा अधिक सावध झाला.

दरबारात लुईझ तिच्या सौंदर्याबद्दल, पोशाखांबद्दल आणि उधळेपणाबद्दल प्रसिद्ध होती. कपडे, दागिने आणि प्रवास यांवर ती मिळकतीपेक्षा कितीतरी अधिक खर्च करी. पती-पत्नींचे संबंध अनेक वर्षांपासून बिघडलेले होते आणि तिच्या वागणुकीविषयी व्हिएन्नात कुजबुज सुरू झाली होती.

== मॅटाचिचशी संबंध ==

१८९५ मध्ये व्हिएन्नातील प्राटर उद्यानात लुईझची दृष्टी एका घोडेस्वाराकडे गेली. तो क्रोएशियातील गेझा मॅटाचिच हा घोडदळातील अधिकारी होता. तो तिच्यापेक्षा सुमारे दहा वर्षांनी लहान होता. काही काळातच तो तिच्या परिवारात सामील झाला आणि तिच्या घोड्यांची व व्यवहारांची व्यवस्था पाहू लागला. सम्राट फ्रान्स जोसेफ याची नाराजी उघड झाल्यावर लुईझला दरबारापासून दूर व्हावे लागले. १८९७ मध्ये ती मॅटाचिच आणि मुलगी डोरोथिया यांच्यासह फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहू लागली. डोरोथियाचा विवाह जर्मन सम्राज्ञीचा भाऊ एर्न्स्ट ग्युंथर याच्याशी ठरलेला होता. या बदनामीची झळ मुलीला लागू नये म्हणून तिला आईपासून दूर नेण्यात आले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये फिलिप आणि मॅटाचिच यांच्यात व्हिएन्नात द्वंद्वयुद्ध झाले. पिस्तुलांच्या फैरी वाया गेल्यानंतर दोघांनी तलवारी हाती घेतल्या आणि त्यात फिलिपच्या हाताला जखम झाली. पतीच्या पराभवामुळे प्रकरण मिटण्याऐवजी अधिकच गाजले.

== हुंड्यांचा खटला ==

लुईझने व्हिएन्नातील सावकारांकडून मोठ्या रकमा उचलल्या होत्या. तारण म्हणून दिलेल्या हुंड्यांवर तिच्याबरोबर स्टेफनीचीही सही होती. हुंड्यांची मुदत भरत आली तेव्हा आपण अशी सही केलीच नाही, असे स्टेफनीने सांगितले. राजा लिओपोल्डने मुलीचे कर्ज फेडण्यास नकार दिला आणि तिच्याशी संबंध तोडले.

या सुमारास लुईझ आणि मॅटाचिच क्रोएशियात परतले होते. मे १८९८ मध्ये झाग्रेब येथे मॅटाचिचला अटक झाली. सेनाधिकारी असल्यामुळे त्याचा खटला लष्करी न्यायालयात बंद दाराआड चालला. बनावट सहीच्या आरोपावरून डिसेंबर १८९८ मध्ये त्याला सहा वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. आपण निर्दोष आहोत ही भूमिका त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. सही नेमकी कोणी केली, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.

== मनोरुग्णालयातील वर्षे ==

अटकेच्याच वेळी लुईझपुढे दोन मार्ग ठेवण्यात आले, असे तिने लिहिले आहे: पतीकडे परत जाणे किंवा मनोरुग्णालयात दाखल होणे. तिने पतीकडे जाण्यास नकार दिला. तिला प्रथम व्हिएन्नाजवळील डोब्लिंग येथील खासगी मनोरुग्णालयात, नंतर पुर्कर्सडोर्फ येथे आणि १८९९ मध्ये सॅक्सनीतील ड्रेस्डेनजवळ कोसविग येथील लिंडेनहोफ या संस्थेत ठेवण्यात आले. लिंडेनहोफचे प्रमुख डॉक्टर पियर्सन होते.

वैद्यकीय तज्ज्ञांनी तिच्या ठिकाणी बौद्धिक व नैतिक दुर्बलता असल्याचा निष्कर्ष काढला. उधळपट्टी, पैशांच्या व्यवहाराची समज नसणे, मुलांविषयी अनास्था आणि आपल्या परिस्थितीच्या गांभीर्याची जाणीव नसणे ही त्याची लक्षणे मानली गेली. या अहवालांच्या आधारे तिच्यावर कायदेशीर पालक नेमण्यात आला. त्यामुळे करार करणे, मालमत्तेची व्यवस्था पाहणे किंवा आपल्या मर्जीने राहण्याची जागा निवडणे हे तिचे सर्व अधिकार संपुष्टात आले. पालकाच्या व पतीच्या संमतीशिवाय तिला बाहेर पडण्याचा मार्ग उरला नाही.

तिला स्वतंत्र निवासस्थान, सेविका आणि बग्गीतून फिरण्याची सोय होती. मात्र तिच्यावर सतत पहारा असे आणि तिचा पत्रव्यवहार तपासला जाई. सप्टेंबर १९०२ मध्ये राणी मारी हेन्रिएट हिचे स्पा येथे निधन झाले, तेव्हाही लुईझ अटकावातच होती.

मॅटाचिच मोलर्सडोर्फ येथील लष्करी तुरुंगात शिक्षा भोगत होता. तुरुंगाच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या एका महिलेने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि प्रकरण समाजवादी नेत्यांपर्यंत पोहोचले. १९०२ मध्ये इग्नात्सी दाशिन्स्की यांनी ते ऑस्ट्रियाच्या संसदेत उपस्थित केले. त्याच वर्षी मॅटाचिचला माफी मिळून त्याची सुटका झाली. १९०४ मध्ये त्याने आपली बाजू मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर वृत्तपत्रांतील सूर बदलू लागला. जिच्या उधळपट्टीची चवीने चर्चा होत असे, ती राजकन्या आता अन्यायाने डांबलेली स्त्री म्हणून वाचकांसमोर येऊ लागली.

== पलायन आणि घटस्फोट ==

१९०४ च्या उन्हाळ्यात लुईझला उपचारासाठी सॅक्सनीतील बाड एल्स्टर या जलोपचाराच्या गावी नेण्यात आले. ऑगस्टच्या अखेरीस मॅटाचिच आणि त्याच्या साथीदारांच्या मदतीने ती रात्री हॉटेलातून निसटली. बर्लिनमध्ये जर्मन समाजवादी खासदार आल्बर्ट स्यूडेकुम यांनी तिला साहाय्य केले आणि तेथून ती फ्रान्सला पोहोचली. राजघराण्यातील स्त्रीच्या सुटकेला राजेशाहीविरोधी पक्षाच्या नेत्यांनी हातभार लावावा, ही बाब त्या काळी विशेष चर्चेची ठरली.

१९०५ मध्ये पॅरिसमधील मनोविकारतज्ज्ञांनी तिची तपासणी केली आणि तिला कोणताही मनोविकार नसल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर तिच्यावरील पालकत्व रद्द झाले आणि तिला स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहता येऊ लागले. जानेवारी १९०६ मध्ये गोथा येथे फिलिपशी तिचा घटस्फोट झाला.

== वारसाहक्काचा दावा ==

१७ डिसेंबर १९०९ रोजी राजा दुसरा लिओपोल्ड याचे निधन झाले. काँगो मुक्त राज्य १८८५ ते १९०८ या काळात त्याच्या वैयक्तिक ताब्यात होते. तेथील रबराच्या सक्तीच्या वसुलीतील अत्याचारांमुळे त्याच्यावर जगभर टीका झाली होती. कुटुंबाच्या अब्रूपायी मुलीला दूर लोटणाऱ्या या राजाचे स्वतःचे खासगी जीवनही वादातीत नव्हते. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने ब्लांश देलाक्रुआ या तरुणीशी धार्मिक विधीने विवाह केला होता.

आई-वडिलांकडून आलेली दीड कोटी फ्रँकची मालमत्ताच मुलींसाठी असल्याचे राजाने मृत्युपत्रात नमूद केले होते. काँगोतून मिळालेल्या संपत्तीचा मोठा भाग त्याने कंपन्या आणि कोबुर्गजवळील निडरफ्युलबाख प्रतिष्ठान यांच्या नावे वळवला होता. बेल्जियमच्या कायद्यानुसार अपत्यांना वारसाहक्कातून पूर्णपणे वगळता येत नसे. या आधारावर लुईझने बेल्जियम सरकारविरुद्ध दावा लावला. न्यायालयांचे निकाल तिच्या विरोधात गेले. अखेर पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी सरकारशी तडजोड झाली. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग सावकारांची जुनी देणी फेडण्यात गेला.

== अखेरची वर्षे ==

१९१४ मध्ये जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले. बेल्जियन राजकन्या असल्यामुळे लुईझ जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली आणि तिची पुन्हा आर्थिक कोंडी झाली. ऑक्टोबर १९१५ मध्ये तिचा मुलगा लिओपोल्ड क्लेमेन्स याच्यावर व्हिएन्नात त्याच्या प्रेयसीने गोळ्या झाडल्या, त्याच्या चेहऱ्यावर तेजाब फेकले आणि नंतर आत्महत्या केली. जखमी राजपुत्र एप्रिल १९१६ मध्ये मरण पावला. आईशी त्याचे संबंध फार पूर्वीच तुटले होते.

१९२१ मध्ये लुईझचे फ्रेंच भाषेतील आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. तिच्या पाहण्यात कोसळलेल्या सिंहासनांचा उल्लेख त्याच्या शीर्षकातच आहे. पतीवर आणि व्हिएन्नाच्या दरबारावर त्यात कठोर टीका आहे. मात्र ज्या वडिलांनी तिला जवळ केले नाही, त्यांनाच तिने हे पुस्तक अर्पण केले.

१९२३ मध्ये पॅरिस येथे मॅटाचिचचा मृत्यू झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, १ मार्च १९२४ रोजी, जर्मनीतील वीस्बाडेन येथील एका हॉटेलात वयाच्या ६६ व्या वर्षी लुईझचे निधन झाले. तिचा दफनविधी तेथेच झाला.

== मूल्यमापन ==

लुईझ पूर्णपणे निर्दोष होती, असे तिच्या बाजूने लिहिणारेही क्वचितच म्हणतात. तिची उधळपट्टी खरी होती, कर्जे खरी होती आणि तिच्या वागण्याचा त्रास तिच्या मुलांना झाला. प्रश्न असा की या दोषांना आजार ठरवणे कितपत योग्य होते. कर्जबाजारीपणा आणि विवाहबाह्य संबंध त्या काळच्या राजपुत्रांमध्ये सर्रास आढळत. परंतु त्यासाठी त्यांना मनोरुग्णालयात पाठवल्याची उदाहरणे विरळ आहेत. उघड खटला चालवला असता तर राजकन्येला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागले असते आणि बहिणीची साक्ष घ्यावी लागली असती. तिला वेडी ठरवल्यामुळे हे दोन्ही प्रसंग टळले. मॅटाचिचला मुदतीची शिक्षा झाली होती आणि माफीची सोयही होती. लुईझच्या अटकावाला मात्र कोणतीही मुदत नव्हती. या तफावतीमुळेच तिचे प्रकरण स्त्रियांचे कायदेशीर अधिकार आणि मनोविकारशास्त्राचा इतिहास यांच्या अभ्यासात आजही महत्त्वाचे मानले जाते.