अरेझ्झोचे ग्विदो: गाणे वाचावयास शिकविणारे मठवासी

दो, रे, मी, फा, सोल, ला ही अक्षरे आपल्या गायकवृंदांना परिचित आहेत. ती ज्यांच्या वर्गातून जगभर गेली त्या ग्विदो ह्यांचा जन्म इ. स. ९९१ च्या सुमारास झाला. आद्रियातिक समुद्राजवळ, पो नदीच्या मुखाशी असलेल्या पोम्पोसा येथील बेनेडिक्टाइन मठात ते संन्यस्त जीवन जगू लागले. मठातील मुलांना उपासनेची गीते शिकविणे हे त्यांचे काम होते.

त्या काळी गायनाच्या वर्गात वाचन नव्हतेच, असे म्हटले तरी चालेल. प्रार्थनेच्या शब्दांवर लहानलहान खुणा केलेल्या असत. त्यांवरून चाल वर जाते की खाली येते एवढे कळे. पण किती वर, किती खाली, हे कळत नसे. ज्याला चाल आधीच पाठ आहे त्यालाच त्या खुणांचा उपयोग! गुरूने म्हणावे, शिष्याने ऐकून म्हणावे आणि वर्षभराच्या सणांची शेकडो गीते स्मरणात साठवावी, अशी ही रीत होती. दहा दहा वर्षे शिकूनही गायक गुरूवाचून एक नवे गीत म्हणू शकत नाहीत, आणि ह्या घोकंपट्टीत पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला वेळच उरत नाही, हे ग्विदो ह्यांना खुपत होते. (आपल्याकडील कित्येक शाळांतील संगीताचा तास आजही बाईंच्या मागून म्हणण्यापलीकडे जात नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

मायकल नावाच्या सहकारी मठवासीला बरोबर घेऊन ग्विदो नव्या पद्धतीने गीतसंग्रह लिहू लागले. त्यांच्या अध्यापनाची कीर्ती पसरली, तसा मठातील बंधूंचा मत्सरही वाढला. अखेर त्यांना पोम्पोसा सोडावे लागले. न फुटणारी काच तयार करणाऱ्या कारागिराला बक्षिसाऐवजी मृत्यू मिळाला, अशी एक जुनी रोमन कथा आहे. पुढे मायकलना लिहिलेल्या पत्रात ग्विदो ह्यांनी स्वतःची तुलना त्या कारागिराशी केली, यावरून तो घाव किती खोल होता हे दिसते.

१०२५ च्या सुमारास अरेझ्झोचे बिशप थिओडाल्ड ह्यांनी त्यांना आश्रय दिला व कॅथेड्रलच्या गायकांचे शिक्षण त्यांच्यावर सोपविले. बिशपांनाच अर्पण केलेला ‘मायक्रोलोगस’ हा ग्रंथ येथेच सिद्ध झाला. ग्विदो ह्यांची लेखनपद्धती सोपी होती. समांतर रेघा ओढावयाच्या. स्वर रेघांवर व रेघांमधल्या जागेत मांडावयाचे. एका रेघेला पिवळा व दुसरीला तांबडा रंग द्यावयाचा, म्हणजे कोणता स्वर कोठे आहे हे डोळ्यांना तत्काळ कळते. रेघेचा वापर त्यांच्याआधीही थोडाफार झाला होता. पण तिची शिस्तबद्ध लिपी ग्विदो ह्यांनी केली.

वाचनासाठी त्यांनी आणखी एक युक्ती योजली. संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या सणाच्या एका लॅटिन स्तोत्रात सहा चरणांची सुरुवात क्रमाने एकेक स्वर वर चढत जाते. त्या चरणांची आद्याक्षरे उत, रे, मी, फा, सोल, ला अशी आहेत. नवे गीत समोर आले की मुलाने स्वर ओळखावा, त्या अक्षराचा चरण आठवावा आणि गावे. ह्या रीतीने काही मुले तीन दिवसांच्या आत न ऐकलेली गीते गाऊ लागली, असे त्यांनी मायकलना कळविले.

मला स्वतःला अधिक विलक्षण वाटते ते ‘मायक्रोलोगस’मधील एक प्रकरण. त्यात अ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वरवर्ण ओळीने संगीतातील स्वरांखाली लिहिले आहेत. कोणतेही वाक्य घ्यावे, त्याच्या प्रत्येक अक्षरातील स्वरवर्ण पाहावा, त्याच्या वाट्याचा सूर लावावा, की चाल तयार! वाचनाबरोबर रचना करण्याचा हा पाठ हजार वर्षांपूर्वीचा आहे.

१०२८ च्या सुमारास पोप जॉन एकोणिसावे ह्यांनी त्यांना रोमला बोलाविले. पोपमहोदयांनी ग्रंथाची पाने चाळली, नियम विचारून घेतले आणि कधीही न ऐकलेला एक चरण स्वतः गाऊन पाहिला. तेव्हाच ते आसनावरून उठले. ग्विदो ह्यांना मात्र रोमचा दमट उन्हाळा सोसवेना आणि त्यांनी ते शहर सोडले. त्याच सुमारास पोम्पोसाच्या मठाधिपतींची भेट झाली. त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला व परत येण्याचा आग्रह धरला.

‘उत’च्या जागी ‘दो’ हे म्हणण्यास सोपे अक्षर पुढे १७ व्या शतकात इटलीत रूढ झाले. त्याआधीच, १६ व्या शतकात, ही विद्या पोर्तुगीज धर्मप्रसारकांबरोबर गोव्यात पोहोचली होती. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फाही शिकविला जाई. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत समोरचा कागद वाचून व्हायोलिन वाजविणारे जे गोवेकर वादक पुढे नावारूपास आले, त्यांच्यापैकी अनेकांनी हे धडे अशाच शाळांत गिरविले होते.