कापडवाला आणि सशाचे पित्त

नाशिककडे हौसेने ससे पाळू पाहणाऱ्याला इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस भोवतो, तो एका आजारामुळे. कॉक्सिडिओसिस त्याचे नाव. नुकते दूध सुटलेले, खेळते पिल्लू मलूल होते, हगवण लागते, पोट फुगते. रोग यकृताचा असेल, तर मेलेल्या सशाच्या यकृतावर पिवळट-पांढऱ्या गाठी दिसतात. या रोगाचा परजीवी माणसाने प्रथम पाहिला तो १६७४ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी. पाहणारा वैद्य नव्हता, कापडाचा दुकानदार होता.

आंतोनी व्हान लेव्हेनहूक १६३२ मध्ये जन्मला. वडील टोपल्या विणायचे; ते त्याच्या लहानपणीच गेले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो ॲमस्टरडॅमला कापडधंदा शिकायला गेला, परतून त्याने दुकान थाटले. १६६० पासून नगरभवनात देखभालीची नोकरीही धरली. चित्रकार व्हर्मीर डोक्यावर कर्ज ठेवून वारला, तेव्हा १६७६ मध्ये त्याच्या मालमत्तेची व्यवस्था याच्याकडेच आली. बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील फार बोलका वाटतो. बुडीत खाते ज्याच्या हाती देतात, तो माणूस नोंदीला पक्का असावा लागतो.

कापडाचे सूत भिंगाखाली तपासणे हा तर धंद्याचाच भाग. हा गृहस्थ मात्र स्वतःच भिंगे घासू लागला, आयुष्यभरात पाचशेच्या वर केली. एके दिवशी त्याने म्हाताऱ्या सशाच्या पित्ताचा थेंब पाहिला. त्यात लंबगोल कण दिसले. लॅटिन येत नव्हते, म्हणून त्याने आपल्या डच भाषेतच लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. ते कण काय, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि रोगाशी त्यांचे नाते त्याने जोडले नाही. आजचे जाणकार ते आयमेरिया स्टीडी या परजीवीची अंडीवजा कोषिका मानतात. नाव मिळायला मात्र एकोणिसावे शतक अर्धे उलटावे लागले. मधली जवळजवळ दोनशे वर्षे ससे मरतच राहिले.

आता कारण कळले आहे. कोषिका लेंड्यांतून बाहेर पडते, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकते, आणि चाऱ्याबरोबर पोटात जाते. आतड्यातून तिच्यातले जीव यकृताच्या पित्तनलिकांत शिरतात. साध्या जंतुनाशकाला ती दाद देत नाही. उकळते पाणी किंवा ज्योत लागते. म्हणून पिंजऱ्याला जाळीचा तळ, चारा जमिनीवर न टाकता टांगलेला, लेंड्या रोज उचललेल्या. सल्फा गटाची औषधे आहेत, पण ती पशुवैद्याला विचारूनच. पिंजरा ओला असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही, पैसे मात्र जातात.

लेव्हेनहूकला १६८० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. उत्तम भिंगे कशी घडवतो, हे गुपित त्याने अखेरपर्यंत कुणाला सांगितले नाही. हा हट्ट मला पटत नाही. १७२३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे मुलगी मारिया हिने चांदीची सव्वीस सूक्ष्मदर्शके पेटीत घालून लंडनला पाठवली. पुढे एकोणिसाव्या शतकात ती पेटी सोसायटीच्या ताब्यातून नाहीशी झाली.