बाइकच्या चेनमागचा माणूस: हान्स रेनॉल्ड

अमळनेरच्या मिस्त्रीकडे चेन किट बदलायला गेलात की प्रश्न येतो: पुढचं स्प्रॉकेट 14 दात्यांचं टाकू की 15? उत्तराआधी हान्स रेनॉल्डची ओळख करून घेऊ. आज बाइकवर असते तशी चेन त्यानं 1880 साली बनवली. धंदा मात्र तेव्हा कापडगिरण्यांच्या यंत्रांच्या चेनचा होता. प्रताप मिलच्या गावाला हे ऐकून बरं वाटेल.

रेनॉल्ड जन्मला 1852 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावी. एकविसाव्या वर्षी तो इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आला आणि 1879 मध्ये जवळच्या सॅलफर्डमधला जेम्स स्लेटरचा छोटा चेन कारखाना त्यानं विकत घेतला. रोलर चेनचं पेटंट स्लेटरनं 1864 मध्येच घेतलं होतं, पण तिचं एक दुखणं होतं. पिनेला टेकायला जागा थोडी, सगळा ताण तिथंच, म्हणून झीज भराभर. रेनॉल्डनं रोलरच्या आत एक पोकळ नळी बसवली, तिला बुश म्हणतात. पीन आता या नळीच्या पूर्ण लांबीवर टेकू लागली. ताण पसरला, चेन टिकू लागली.

तरी झीज थांबली नाहीच. आपण म्हणतो चेन 'लांबली', पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पीन आणि बुश झिजतात. एका कडीमागे 0.1 मिमी झीज धरली, तर 110 कड्यांची चेन 11 मिमीनं वाढते. अशी चेन स्प्रॉकेटच्या दात्यांवर नीट बसत नाही आणि दाते खाते. म्हणूनच दोनशे-तीनशे रुपये वाचवायला नुसती चेन बदलणं मला परवडणारं वाटत नाही. जुने दाते नवी चेनही लवकर घालवतात.

आता दाते. समजा पुढे 14, मागे 42. म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी पुढचं स्प्रॉकेट 3 वेळा फिरतं. पुढे 15 टाकलं की हा आकडा 2.8 होतो: धुळ्याच्या रस्त्यावर इंजिन शांत चालेल, पण डबलसीट आणि ओझं असताना पिकअप मार खाईल. पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतात जाणाऱ्याला ओढ हवी. पुढे 13 केलं तर 3.23, मागे 45 केलं तर 3.21. जवळपास सारखंच! तरी मी मागचं बदलेन, कारण पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मागे दाते वाढवले तर चेन पुरते का, तेवढं आधी पाहा. गावातच गाडी फिरत असेल तर कंपनीचेच दाते ठेवा.

रेनॉल्डच्या चेनला खरं गिऱ्हाईक सायकलनं दिलं. 1885 च्या सुमारास मागचं चाक चेननं फिरवणाऱ्या सायकली आल्या, पुढे मोटारसायकली. त्याच वर्षी त्यानं कमी आवाजाची, उलट्या दात्यांची चेनही काढली. 1896 मध्ये कामगारांचा आठवडा 48 तासांवर आणला, त्या काळात ही मोठीच गोष्ट. 1930 मध्ये कंपनी आणि कॉव्हेंट्री चेन कंपनी यांचं एकत्रीकरण झालं. 1943 मध्ये, नव्वदीत, तो गेला.

किटच्या डब्यावर 428 किंवा 520 लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागात: 4 म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी. दाते काहीही निवडा, हा आकडा जुन्या चेनशी जुळायलाच हवा.