प्लेगच्या इतिहासातली माई

पुण्याचा प्लेग म्हटला की शाळेच्या पुस्तकांनी आमच्या डोक्यात दोनच नावे पक्की केली आहेत. रँड आणि चाफेकर. २२ जून १८९७ च्या गोळ्या आम्हाला तोंडपाठ. पण त्याआधी, १० मार्च १८९७ रोजी, ६६ वर्षांची एक म्हातारी त्याच प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेली, तिचा पाठ कुणी आमच्याकडून घोकून घेतला नाही. ती होती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले.

३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म. १८४८ पासून मुलींच्या शाळा, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला, मग पुण्यात. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीचा कायदा झाला. रोग्याला वेगळे ठेवा, घर रिकामे करा, हा उपाय चुकीचा नव्हताच. पण मार्चच्या मध्यावर गोरे सोजीर घराघरांत घुसले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. बंदुकीच्या धाकाने कुणी आपले लेकरू हवाली करतो काय?

माईंनी तोच उपाय त्याआधी वेगळ्या रीतीने केला होता. लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंतला बोलावून घेतले, हडपसरजवळ ससाण्यांच्या मोकळ्या माळावर दवाखाना थाटला. रोगी वस्तीपासून दूर, उघड्या हवेत आणि डॉक्टरच्या नजरेखाली. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा आजारी मुलगा त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणला. ज्याची सावली विटाळ मानली जाई, त्याला पाठीवर! पुण्यातले किती पुढारी तेव्हा महारवाड्याची पायरी चढले, हे इतिहासकारांनी एकदा सांगावे. घरची बाई येऊन नेते म्हटल्यावर रोगी लपवायचे कारणच उरत नाही, असे आम्हाला वाटते.

उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. माईंना ते ठाऊक असणे शक्य नव्हते. जिवाला धोका आहे, एवढे मात्र ठाऊक होते.

रोग्यांत राहून त्यांना प्लेगने गाठले. पुढे डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.