खैरील अन्वर : जीवन आणि काव्य

आधुनिक इंडोनेशियन कवितेचे प्रवर्तक म्हणून ज्याचा निर्देश केला जातो, त्या खैरील अन्वरला अवघे सव्वीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्याच्या हयातीत त्याचा एकही संग्रह प्रसिद्ध झाला नाही. स्वतंत्र म्हणता येतील अशा त्याच्या कविता सुमारे सत्तर आहेत. एवढ्या अल्प निर्मितीने एका भाषेच्या काव्याची दिशा बदलावी, ही वाङ्मयेतिहासातील विरळा घटना होय.

खैरीलचा जन्म २६ जुलै १९२२ रोजी सुमात्रातील मेदान येथे एका मिनांगकाबाउ कुटुंबात झाला. डच पद्धतीच्या शाळेतील त्याचे शिक्षण अपुरेच राहिले. आईवडील विभक्त झाल्यावर विशी गाठण्यापूर्वीच तो आईसह बटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्तास आला. पुढील सारे शिक्षण त्याने वाचनातूनच मिळविले. मार्स्मान व स्लाउअरहॉफ हे डच कवी आणि जर्मन कवी रिल्के यांचा त्याने विशेष व्यासंग केला.

१९२८ च्या युवक प्रतिज्ञेने मलायवर आधारलेल्या इंडोनेशियन भाषेला राष्ट्रभाषेचे स्थान दिले होते. १९३३ मध्ये निघालेल्या ‘पुजांग्गा बारू’ या नियतकालिकाने तिच्या साहित्याला नवे वळण दिले. तथापि तेथील कवितेवर जुन्या मलाय काव्याच्या लयीची आणि अलंकरणाची छाया होती. खैरीलने ती दूर सारली. क्रियापदांचे उपसर्ग-प्रत्यय गाळून, बोलीतील शब्द योजून त्याने ओळ आटोपशीर व धारदार केली. आजीच्या निधनानंतर १९४२ मध्ये लिहिलेल्या ‘निसान’ या कवितेपासून मृत्यू हा त्याच्या चिंतनाचा विषय राहिला. १९४३ मधील ‘आकू’, म्हणजे ‘मी’, या कवितेत समूहापासून अलग उभ्या राहिलेल्या व्यक्तीचा उद्गार प्रकटला. जपानी अमलात अशा व्यक्तिवादाला थारा नव्हता. त्यामुळे त्याच्या अनेक कविता तेव्हा नाकारल्या गेल्या.

स्वातंत्र्यघोषणेनंतर १९४६ मध्ये असरुल सानी, रिवाई अपिन आदी सहकाऱ्यांसह त्याने ‘गलांग्गांग’ हा कलावंतांचा गट उभारला. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला आणि पुढे एक कन्या झाली. परंतु अस्थिर वृत्ती व द्रव्याभाव यांमुळे तो संसार टिकला नाही. २८ एप्रिल १९४९ रोजी जकार्ता येथील रुग्णालयात त्याचे निधन झाले.

मृत्यूनंतर लवकरच त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला, आणि तो निराधार नव्हता. ‘क्रावांग-बकासी’ ही हुतात्मा सैनिकांवरील विख्यात कविता अमेरिकन कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश याच्या रचनेवर आधारलेली आहे. दुसऱ्या एका कवितेचे मूळ चिनी कवी श्यू जमो याच्याकडे आढळते. या उसनवारीमागे पैशाची निकड होती असे सांगितले जाते. परंतु निकडीने दोषाचे निरसन होत नाही. समीक्षक एच. बी. यासिन यांनी १९५६ मधील आपल्या ग्रंथात हे ऋण न झाकता तपासले आणि तरीही खैरीलला ‘पंचेचाळीसच्या पिढी’चा अग्रणी ठरविले. हा निर्णय ग्राह्य वाटतो. कारण ‘आकू’सारख्या कवितांतील भाषा कोणाकडून उसनी घेतलेली नव्हती.

१९४९ मध्ये त्याचे दोन संग्रह मरणोत्तर निघाले. १९५० मध्ये सानी व अपिन यांच्या कवितांसह ‘तिगा मङुआक ताकदीर’ हा संग्रह आला. ‘तिघांनी उकललेले दैव’ असा त्याचा अर्थ. शीर्षकातील शब्द भारतीय वाचकास परिचित अशा ‘तकदीर’चाच भाऊबंद असून, त्यावर ‘पुजांग्गा बारू’चे धुरीण सुतान ताकदीर अलिशाबाना यांच्या नावाचा श्लेष साधलेला आहे. मागील पिढीशी असलेले नव्या कवींचे भांडण त्या एका शब्दात सामावले आहे. २८ एप्रिल हा त्याचा मृत्युदिन इंडोनेशियात काव्यदिन म्हणून पाळला जातो.